बाबांच्या हाताखालचं इंजिन

आमच्या घरात एक कायदा होता. बाबांना जे ऐकू आलं नाही, ते कुणालाच ऐकू आलेलं नसायचं. कुकरची शिट्टी झाली की आई काही न बोलता उठायची आणि गॅस बारीक करायची. दाराची कडी वाजली की मी "पाणी पिऊन येते" म्हणत उठायची आणि दार उघडायची. बाबांशी बोलायचं तर आधी त्यांच्या दंडाला हात लावायचा, समोर जाऊन उभं राहायचं, मग ओठ नीट हलवून एकेक शब्द सोडायचा. पाठीमागून कुणी कधी बोलायचं नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. रेल्वेच्या शेडमध्ये डिझेल इंजिनांच्या पोटात डोकं घालून घालून बाबांचे कान हळूहळू जात गेले आणि आम्ही तितक्याच हळूहळू त्यांच्याभोवती सरकत गेलो. रेल्वेच्या डॉक्टरला हे कळलं असतं तर बाबांना शेडमधून काढून एखाद्या खुर्चीवर बसवलं असतं, आणि इंजिनापासून लांब बसलेले बाबा ही कल्पनाच आम्हाला करवत नव्हती. म्हणून तपासणीच्या दिवशी माझा थोरला भाऊ अशोकदादा त्यांच्याबरोबर जायचा. डॉक्टर बाबांच्या मागे उभं राहून हळू आवाजात शब्द म्हणायचे, आणि दादा समोरच्या दारात उभा राहून तेच शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. मूठ इतकी वर्षं झाकून ठेवली की आत काय आहे ते बाबांनाही आठवेनासं झालं. आपलं वय झालंय, लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच ते म्हणत.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी, म्हणजे मित्रा, इतकी लहान होते की वर्ध्याचा मला फक्त एका विहिरीचा कठडा आठवतो. आदर्श नगरात आमचं भाड्याचं घर होतं, पुढे छोटं अंगण आणि मागे पत्र्याची मोठी शेड. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत दोन्हीची भेळ. आईनं आपला स्वयंपाक काही सोडला नाही. आजूबाजूला बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीचा वास सुटलेला असायचा आणि आमच्याकडे पातोडीचा रस्सा उकळत असायचा, इतका लाल की सैनीजींची बायको एकदा चाखून दोन तांबे पाणी प्यायली. सैनीजी म्हणजे आमचे समोरचे शेजारी, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान होतं. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून बुद्धवंदना म्हणायची आणि खीर करायची. ती खीर वाटीवाटीनं समोर जायची, तिकडून सणासुदीला पाकातल्या जाळीदार घेवरची मिठाई यायची. पहाटे मोती डुंगरीच्या बाजूनं मोर ओरडत, एखादा आमच्या शेडच्या पत्र्यावर येऊन नाचायचा आणि पत्रा असा काही वाजायचा की मेलेला माणूस उठून बसावा. बाबा शांत झोपलेले असत. सकाळी आई म्हणायची, "आज मोर नाही आला वाटते." आणि आम्ही दोघं भावंडं माना हलवायचो.

घरामागच्या शेडमध्ये गाडी होती. तिलक नगरात राहणाऱ्या एका ठाकूरसाहेबांच्या जुन्या गाड्या बाबा सुट्टीच्या दिवशी बघून द्यायचे. त्यातली एक लांब नाकाची परदेशी गाडी पाणी शिरून कित्येक वर्षं मेलेली पडून होती. ठाकूरसाहेब म्हणाले, "गजभियेजी, जिला सको तो तुम्हारी." बाबांनी ती जिवंत केली. त्यासाठी दोन उन्हाळे गेले, आईच्या भांड्यांतली एक परात रॉकेलमध्ये सुटे भाग धुण्यासाठी कायमची गेली, आणि घरातल्या प्रत्येक टॉवेलला ग्रीसचा वास लागला. ज्या दिवशी ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी बाबांनी आपला चहाचा काठोकाठ भरलेला पेला चालत्या इंजिनावर ठेवला. चहा हलला नाही. बाबा आमच्याकडे असे बघत होते की जणू हे इंजिन त्यांनीच जन्माला घातलंय.

एका ओळीत सहा सिलिंडर. ते असं का चालतं हे बाबांनी आम्हाला जेवताना पानावर वाट्या मांडून समजावलं होतं. सहा वाट्या ओळीनं ठेवायच्या. पहिली आणि सहावी जोडीनं वर जातात, दुसरी आणि पाचवी जोडीनं, तिसरी आणि चौथी जोडीनं. पुढच्या तिघींचं जे होतं, मागच्या तिघींचं आरशात बघितल्यासारखं तेच होतं. त्यामुळे एकीनं दिलेला धक्का दुसरी खाऊन टाकते आणि बाहेर काही उरत नाही. "चार सिलिंडरचं इंजिन कितीही चांगलं बनवा, थोडं तरी थरथरतेच," बाबा म्हणायचे. "ह्याले थरथर माहीतच नाही." शिवाय आतल्या क्रँकला सात ठिकाणी आधार. एवढा लांब दांडा, पण कुठे वाकायला जागाच नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे एकाचं बळ संपायच्या आत दुसरा हात लावतो. आई म्हणायची, "एवढं एकमेकांले धरून तर माणसं नाही राहत." तिला वाट्या परत हव्या असायच्या, आमटी थंड होत असायची, पण बाबांचं झाल्याशिवाय कुणी हात लावत नसे.

माझा नातू हल्ली मोबाइलवर असल्या इंजिनांचे व्हिडिओ बघतो. आता मी जयपुरातच प्रताप नगरात राहते, घराभोवती सगळी कोचिंगची पोरं, त्यातलाच हा एक. अडखळत मराठी बोलतो, देवनागरी हिंदीतून वाचतो, पण गाड्यांचं सगळं ठाऊक. परवा म्हणाला, "आजी, ये इंजन मतलब... कभी मरताच नाही." मी म्हटलं, खरं आहे. आणि खरंच आहे ते. त्या इंजिनाला मी आजही दोष देणार नाही. पण भरवशाच्या गोष्टीचा एक दुर्गुण असतो, तो या पोरांना कुणी सांगत नाही. चार सिलिंडरचं इंजिन आतून दुखायला लागलं की सगळी गाडी कुरकुरते, ड्रायव्हरचे दात वाजतात. सहा सिलिंडरवालं इंजिन मात्र दुखणं अंगावर काढतं. आत एखादं बेअरिंग खाल्लं जात असलं तरी वर चहाचा पेला तसाच उभा राहतो. त्याचं दुखणं आधी कानाला कळतं, हाताला फार उशिरा.

आणि बाबा हातानं ऐकायचे. पूर्वी ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावत. पुढेही लावायचे, पण ते सवयीनं. खरं काम पंजा करायचा. इंजिन चालू करून झाकणावर उजवा पंजा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. रेल्वेच्या शेडमधल्या मोठ्या डिझेल इंजिनांचं जे काही त्यांना कळायचं ते असंच कळायचं, आणि तिथं त्यांचा हात कधी चुकला नव्हता. तिथली इंजिनं थरथरणारी होती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दादा कॉलेज सोडून ती गाडी चालवायला लागला होता. लग्नसराईत नवरदेवासाठी, एरवी आमेर-सामोदचे किल्ले बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्याला गाडीचं वेड होतं आणि बाबांचं त्याहून जास्त. प्रत्येक खेपेआधी अंगणात बाबा इंजिनावर हात ठेवून "जा" म्हणत, मग तो निघायचा. बाबांनी "जा" म्हटल्याशिवाय दादानं गिअर टाकलेला मला आठवत नाही.

आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, सैनीजींच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव दौसाचा. आखातीजेला जयपुरात नवरदेवासाठी गाडी मिळणं म्हणजे वाळवंटात विहीर सापडणं, पण समोरच्या घरात आमची गाडी उभी असताना सैनीजींनी दुसरी शोधलीच नव्हती. सकाळीच दादानं दौसाला जायचं आणि नवरदेवाला घेऊन यायचं, असं ठरलं होतं. बॉनेटवर झेंडूच्या माळा मी आणि सैनीजींच्या मुलीनं मिळून बांधल्या. आईनं भाकरी आणि तिळाची चटणी फडक्यात बांधून पुढच्या सीटवर ठेवली. ऊन तेव्हाच चटके देत होतं आणि समोरच्या मांडवात बायका बन्ना-बन्नीची, नवरानवरीची गाणी म्हणत होत्या.

दादानं इंजिन सुरू केलं आणि मला ते ऐकू आलं. खालून, खोलातून, बंद पेटीत कुणी हातोडी मारावी तसं. ठक, ठक, ठक. दादानं ॲक्सिलरेटर दाबला की थोडं दबायचं, सोडला की मोठं व्हायचं. मी लहानपणापासून त्या इंजिनाजवळ वाढले होते, त्याचा आवाज मला आईच्या बांगड्यांसारखा पाठ होता. हा आवाज त्यातला नव्हता. मी बाबांच्या दंडाला हात लावला आणि समोर गेले.

"बाबा, खालून आवाज येऊन राहिला. ठकठक."

बाबांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग झाकणावर पंजा ठेवला. डोळे मिटले. आम्ही तिघंही थांबलो. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती.

"काही नाही," बाबा म्हणाले. "लोण्यावानी चालून राहिलं. तुले कुठं आवाज येते?"

"येतो बाबा. खालून. बंद करून एकदा पाहा ना."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. चिडण्यापेक्षा ते घाबरण्याच्या जास्त जवळचं होतं. ते दादाकडे वळले. "अशोक, तुले आला का आवाज?"

दादा स्टिअरिंगवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि डॉक्टरच्या दारात उभा राहून हलवायचा तसे ओठ नीट हलवून म्हणाला, "नाही जी. मले तर नाही आला."

बाबांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी इंजिनावर दोनदा थापटलं. "जा," ते म्हणाले.

मी गाडीच्या मागे फाटकापर्यंत धावत गेले. दादानं काच खाली केली. "आवाज आहे, मित्रा," तो म्हणाला. "मले कालपासूनच येऊन राहिला. पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग गेलं असन. हळू नेतो. नवरदेवाले आणून सोडतो आणि संध्याकाळी मीच उघडतो. बाबांना सांगू, मीच कुठं खड्ड्यात आपटली म्हणून."

"आत्ताच सांग ना त्यांना!"

"काय सांगू? तुम्हाले ऐकू येत नाही, असं सांगू?"

आमच्या घरात ते वाक्य त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं. दादानं उच्चारलं आणि स्वतःच ओशाळला. मग हसून त्यानं हॉर्न वाजवला आणि झेंडूच्या माळा लावलेली ती लांब नाकाची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. तो मला तेवढाच शेवटचा दिसला.

दादा निघून तास होतो न होतो तोच आंधी आली, धुळीचं वादळ. आभाळ पिवळं झालं, मग तांबडं, मांडवाची कनात फडफडून एका बाजूनं सुटली. दुपार झाली तरी नवरदेव आला नव्हता. बँडवाले सावलीत बसून राहिले होते, गाणी म्हणणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. बाबा आमच्या अंगणात हौदावर हात धूत होते. सैनीजी फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्या फेट्यावर, मिशांवर सगळीकडे धूळ होती. त्यांच्या दुकानात फोन होता. दौसाच्या वाटेवर बस्सीजवळच्या एका ढाब्यावरून तो फोन आला होता.

ते बाबांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "गजभियेजी," ते म्हणाले, "एक्सीडेंट हो गया. अशोक नहीं रहा."

बाबा हात धूत राहिले. साबण लावला, घासला, पाणी ओतलं. सैनीजींना वाटलं माणूस धक्क्यानं दगड झाला. त्यांनी पुन्हा सांगितलं, आता रडत. बाबांनी नखांतलं ग्रीस काडीनं काढायला सुरुवात केली. मी ओट्यावर उभी होते, मी सगळं ऐकलं होतं, आणि मला कळलं की हे आता मलाच सांगावं लागणार. मी पायऱ्या उतरले. बाबांच्या दंडाला हात लावला. समोर गेले. आणि ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करून, त्यांना सांगितलं की दादा गेला. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. आयुष्यात मी पुष्कळ काही सोसलंय, नवराही पुढे माझ्या हातांत गेला, पण ते दुसऱ्यांदा सांगणं मला अजून सोसलेलं नाही.

दौसा गाठायच्या आधीच इंजिनानं मान टाकली होती. पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल रस्त्यावर सांडलं, गाडी जागच्या जागी थांबली. दादा उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि आत वाकला. बॉनेट वर असल्यानं त्याला मागचं काही दिसत नव्हतं, आणि आंधीत मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाडी दिसली नाही. ढाबेवाल्यानं नंतर सांगितलं, चेहऱ्याला काही लागलं नव्हतं. लोक असं सांगतात, आणि ऐकणारे त्याचे आभार मानतात. आईनंही मानले.

समोरचं लग्न बँड न वाजवता उरकलं. नवरदेव कुणाच्या तरी जीपमधून आला. आमच्याकडे दादाला पांढऱ्या कापडात निजवलं होतं, आम्ही त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. बाबांचा आवाज सगळ्यांच्या मागे राहत होता, कारण ते आमच्या ओठांकडे बघून म्हणत होते. मला त्या वेळी त्यांचा राग आला. दादाचा त्याहून जास्त आला. बापाचं मन राखायला माणसानं जीव द्यावा, हे कुठलं प्रेम? आज मी दादाच्या मरणाच्या वयाच्या तिपटीहून म्हातारी आहे आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. रात्रंदिवस एकमेकांना जपणारी घरं बघितली की मला अजून धास्ती वाटते.

पोलिसांचं झाल्यावर चेपलेली गाडी ओढून आणून शेडमध्ये टाकली. मागचा भाग घडी घातलेल्या चादरीसारखा झाला होता, पुढचा भाग जवळजवळ शाबूत. आई म्हणाली, भंगारात देऊन टाका. बाबांनी ऐकलं नाही, म्हणजे पाहिलं नाही. त्यांनी रजा वाढवली आणि इंजिन उघडायला घेतलं. शेडचा पत्रा तापून आत भट्टी झालेली असायची, तरी ते सकाळी आत जात आणि जेवायला बोलावलं तरच बाहेर येत. काय शोधताय, असं विचारायची आमची छाती नव्हती.

एके दिवशी दुपारी मी त्यांना पाणी द्यायला गेले. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्रावर बेअरिंगच्या पट्ट्या मांडल्या होत्या, अर्धगोल, एकेका दांड्यातून काढलेल्या. पाच दांड्यांच्या चांगल्या होत्या, गुळगुळीत, मळकट चंदेरी. पाचव्या दांड्याची पट्टी बाबांच्या तळहातावर होती. ती नव्हतीच जवळजवळ. पापडाच्या कडेसारखी पातळ झालेली, तांबूस, फाटलेली. मी इंजिनाच्या कामातलं थोडंफार शिकले होते आणि मला पाहताक्षणी समजलं. बेअरिंग एका सकाळीत असं होत नाही. ते दिवसेंदिवस खाल्लं जातं, आणि खाल्लं जाताना ओरडतं. ज्याला कान आहेत त्याला ते ऐकू येतंच येतं. हे बाबांनी रेल्वेच्या शेडमधल्या किती पोरांना शिकवलं असेल.

मी पेला खाली ठेवला. त्यांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि ते माझ्या ओठांवर येऊन थांबले.

"मित्रा," ते म्हणाले. "अशोकले ऐकू आलं होतं का?"

आई तेवढ्यात शेडच्या दारात आली होती, बाबांच्या पाठीमागे. पदराला हात पुसत ती उभी होती. तिनं त्यांच्या हातातली पट्टी पाहिली, प्रश्न ऐकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बाबांच्या पाठीमागून बोलली.

"आलं होतं," ती म्हणाली. सरळ, स्पष्ट, घरात बोलतात तेवढ्या आवाजात. "त्याले आलं होतं. पोरीले आलं होतं. मले तिकडं खिडकीपाशी ऐकू येऊन राहिलं होतं. साऱ्याइले ऐकू येते, अशोकचे बाबा. फक्त तुम्हाले ऐकू येत नाही. आणि आम्ही कोणी तुम्हाले सांगितलं नाही."

बाबा माझ्याकडेच बघत होते. उत्तराची वाट बघत होते.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. "नाही, बाबा," मी म्हणाले. "त्याला नव्हतं आलं."

मग त्यांनी ती पट्टी वर्तमानपत्रावर इतर पट्ट्यांच्या ओळीत, तिच्या जागी ठेवली. मला आज कुणी पुन्हा विचारलं तरी मी तेच उत्तर देईन. दादा गेला होता, आणि खरं ऐकून बाबांनी त्याचं काय केलं असतं ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"तुझी आई मांगून काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

माझी नजर त्यांच्या खांद्यावरून गेली होती, ती त्यांनी टिपली होती. मी पुन्हा आईकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि ती नाही-नाही अशी मान हलवत होती.

"जेवायला चला म्हणाली," मी सांगितलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. हौदावर जाऊन त्यांनी हात धुतले आणि पानावर येऊन बसले. आईनं वाढलं.